फोटोग्राफरचा शर्ट आणि लग्नाचं बिल

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी आम्ही एका आठवड्यात तीन फोटोग्राफरना भेटलो. लग्न पुण्यात, सकाळचा मुहूर्त, संध्याकाळी स्वागत समारंभ, आदल्या दिवशी घरीच हळद. पहिला आला तो चुरगळलेल्या शर्टात, तांबारलेल्या डोळ्यांनी. दुसरी तिशीतली बाई, साधा सुती कुर्ता, केस घट्ट बांधलेले. तिसऱ्याकडे आम्हीच गेलो. काचेचं ऑफिस, अंगात लिननचं जॅकेट, बसल्याबसल्या समोर कॉफी. जिना उतरताना वहिनी म्हणाली, "हाच ठरवू या. याचं काम नीटनेटकंच असणार." तोवर तिघांपैकी कुणाचंही एक अख्खं लग्न आम्ही पाहिलं नव्हतं.

वहिनीला दोष देण्यात अर्थ नाही, माणसाचं मन असंच चालतं. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग एवढाच वेळ दाखवले आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का? निवांत पाहणाऱ्यांची मतंही बरीचशी तशीच निघाली. वेळ वाढवला तेव्हा मुख्यतः वाढली ती आपल्या मताबद्दलची खात्री. म्हणजे कॉफी संपेपर्यंत आपला निर्णय पक्का झालेला असतो आणि आपल्याला वाटतं की आपण विचार केला.

म्हणून त्या दिवशी घरी आल्यावर मी कागद घेतला आणि तिन्ही कोटेशनं शेजारीशेजारी मांडली.

पहिल्याचे ६५ हजार. एक पारंपरिक फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला, बारा बाय छत्तीसचा एक अल्बम. दुसरीचे १ लाख १० हजार. ती स्वतः कॅन्डिडला, शिवाय एक पारंपरिक, दोन व्हिडिओवाले, अल्बम तसाच. जॅकेटवाल्याचे १ लाख ८५ हजार. चार माणसं, ड्रोन, छोटी फिल्म, पेटीतला भारी अल्बम. हे आकडे एका लग्नाचे आहेत. तालुक्याच्या गावी ते खाली येतील, मुंबईच्या मोठ्या हॉटेलात बरेच वर जातील. पण ते तपासण्याची रीत सगळीकडे चालते.

एकूण रकमेतून आधी वस्तूंचे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्याला माणूस-दिवसांनी भागायचं. आमचं काम दीड दिवसाचं. पहिल्याच्या रकमेतून अल्बमचे १५ हजार गेले, उरले ५० हजार. दोन माणसं दीड दिवस, म्हणजे तीन माणूस-दिवस. एका माणसामागे रोजचे साधारण १६ हजार ७००. दुसरीचे अल्बम वजा जाता ९५ हजार, सहा माणूस-दिवस, म्हणजे १५ हजार ८००. तिसऱ्याच्या रकमेतून त्यानेच सांगितलेले अल्बमचे २५ आणि ड्रोनचे १५ हजार काढले, तरी माणसामागे २४ हजारांच्या वर राहिले. सर्वांत स्वस्त वाटलेला पहिला, माणसाच्या हिशेबात दुसरीपेक्षा किंचित महागच होता.

तिसऱ्याच्या या वरच्या आठ हजारांत काय आहे, हे त्याला विचारायलाच हवं. चांगलं एडिटिंग असेल, अनुभवी माणसं असतील, तर ते पैसे रास्त आहेत. मोक्याच्या जागेचं भाडं असेल, तर तेही आपणच भरतोय हे माहीत असू द्यावं. कपड्यांचा मात्र त्यात फारसा वाटा नाही. दोन पँट, चार शर्ट, चांगले बूट धरून वर्षाला १२ हजार गेले आणि वर्षात तीस लग्नं झाली, तर एका लग्नावर पडतात ४०० रुपये. नीटनेटका फोटोग्राफर हवा म्हणून पन्नास हजार जास्त मोजायची गरज नसते. तो ६५ हजारांतही मिळायला हवा, आणि तसा तो मागायचा आपल्याला हक्क आहे.

जॅकेटवाल्याच्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असंही होतं. फोटोग्राफीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १ लाख ८५ हजारांवर ३३ हजार ३०० आणि एकूण २ लाख १८ हजार ३००. आकडा विचारताना 'सगळं धरून किती' असंच विचारा. ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला हा कर तुमच्याकडून घेताच येत नाही, त्यामुळे बिलावर पंधरा अंकी नोंदणी क्रमांक पाहा. महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते, गोव्यातला असेल तर ३० ने.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ज्याला पाहून आपण पसंती दिली, तो स्वतः येणार आहे का?

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही हे विचारलं नव्हतं. ऑफिसात बोलायला बसलेले गृहस्थ रुबाबदार होते, बाबांना फार आवडले. लग्नाच्या सकाळी आले ते दोन कॉलेजवयीन मुलगे, आणि तो रुबाब आम्हाला पुन्हा दिसला तो बिलाच्या वेळी. मुलं मेहनती होती, त्यांच्यावर राग नाही. पण हातातल्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसत होतं, ते बिघडलं आणि सप्तपदीचे फोटो गेले. आईने तो अल्बम अजून एकदाही पूर्ण पाहिलेला नाही.

या धंद्यात फ्रीलान्सर बोलावणं सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही. मुहूर्ताच्या दिवशी एकाच स्टुडिओकडे तीन-चार लग्नं असतात. फक्त येणाऱ्यांची नावं करारात लिहून घ्या आणि त्यांचं काम पाहा. जॅकेटवाल्याला हे विचारल्यावर त्याने मोकळेपणाने सांगितलं, "मी स्वतः हवा असेन तर ४० हजार वेगळे." त्याचा मला राग आला नाही. विचारलं नसतं तर मात्र आला असता, लग्नानंतर.

आणि कॅमेऱ्याचं मॉडेल विचारा. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा हवा. कॅननचा फाइव्ह डी मार्क फोर, निकॉनचा डी ७५०, सोनीचा ए सेव्हन थ्री यांत दोन कार्डं बसतात. कॅननच्या सिक्स डी मार्क टूमध्ये एकच. हे मॉडेल वाईट नाहीच, पण पुन्हा न होणाऱ्या विधीसाठी मी एकट्या कार्डावर विसंबणार नाही.

मग कपड्यांकडे पाहायचंच नाही का? जरूर पाहायचं, पण कामाच्या नजरेने. लग्नातला फोटोग्राफर पाहुण्यांपेक्षा नवरीच्या जास्त जवळ असतो. तिचा पदर सारखा करायला सांगतो, दोन फुटांवर गुडघे टेकून बसतो. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास असेल, तर तिचा चेहरा प्रत्येक फोटोत आक्रसलेला दिसेल. वाकल्यावर वर सरकणारा आखूड शर्ट व्हिडिओत येतो. बोहल्यावर पायताण चालत नाही, म्हणून मोजेही स्वच्छ आणि धड हवेत. नवरीच्या खोलीतली तयारी टिपायची असेल तर तिथे बाई फोटोग्राफर असावी, असं आमच्या भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोटेशन मागवतानाच हे कळवावं, म्हणजे आयत्या वेळी एका माणसाचे पैसे वाढत नाहीत.

रंगाचा वाद आमच्याही घरी झाला. फोटोग्राफर मंडळी काळे कपडे घालतात त्याला कारण आहे. काळ्यावरून उजेड परतत नाही. भडक पोपटी शर्ट घालून कुणी नवरीशेजारी उभा राहिला, तर त्या रंगाची झाक तिच्या गालावर उतरते. शिवाय गडद कपड्यातला माणूस दुसऱ्याच्या चौकटीत आला तरी डोळ्यांत भरत नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायका कॅमेऱ्याचा चकचकीत भागसुद्धा काळ्या पट्टीने झाकून टाकत असे. पण आमच्या आईच्या लेखी काळं संक्रांतीला. मुहूर्ताच्या वेळी बोहल्याभोवती चार काळे शर्ट तिला सहन झाले नसते. गडद निळा किंवा करडा रंग ठरला आणि दोघांचंही समाधान झालं. त्याला एक पैसाही लागला नाही, फक्त महिनाभर आधी बोलावं लागलं. सगळ्यांनी शेरवानी किंवा फेटा घालावा असा आग्रह असेल तर भाडं तुम्ही द्या. आणि मे महिन्यात तो धरूच नका, बारा तास धावपळ करणाऱ्या माणसाचा घाम लेन्सवर पडतो.

दुसऱ्या क्रमांकाच्या त्या बाईंबद्दल आमच्या एका काकांनी शंका काढली होती, "एवढी बारीक चणीची, हिला झेपेल का?" मला होमाई व्यारावाला आठवल्या. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत सत्तांतराचा सगळा काळ टिपत होत्या. साडीतल्या बाईच्या हातातला कॅमेरा सुरुवातीला लोकांनी गंभीरपणे घेतलाच नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

काकांना मी एवढंच सांगितलं की तिघांचं एकेक अख्खं लग्न मागवलंय, ते पाहून बोलू. निवडक वीस फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. एका लग्नाचे सातआठशे फोटो सलग पाहिले की कळतं. पहिल्याचं सकाळचं काम उत्तम होतं, पण रात्रीच्या समारंभात चेहरे नारिंगी. त्याचे तांबारलेले डोळे आदल्या रात्रीच्या लग्नाचे होते, आळसाचे नव्हेत, हेही तेव्हा कळलं. तिसऱ्याचं काम देखणं, पण आजी-आजोबा जवळजवळ नाहीतच. बाईंनी अक्षता टाकणाऱ्या म्हाताऱ्या हातांचेसुद्धा फोटो काढले होते. शिवाय पहिल्या भेटीत प्रश्न विचारले ते त्यांनीच. मुहूर्त किती वाजता? बोहल्यावर दिवे पिवळे की पांढरे? अंतरपाट दूर होताना भटजी कुठे उभे असतात? आम्ही त्यांना ठरवलं.

करारात आम्ही लिहून घेतलं ते असं: येणाऱ्यांची नावं, तास आणि जादा तासाचा दर, कपड्यांचा रंग, दोन कार्डं, फोटो आणि अल्बम मिळण्याची तारीख. पैसे तीन टप्प्यांत, ३० टक्के ठरवताना, ४० लग्नाच्या दिवशी, उरलेले ३० अल्बम हातात आल्यावर. फोटोंच्या मालकीचं कलम वाचूनच सही करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची असते, उलट करार नसेल तर. नवरीचे फोटो जाहिरातीत वापरायचे असतील तर त्यांनी आधी विचारावं, हे आम्ही त्यात घातलं.

ठरल्याप्रमाणे काम झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. करार, पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा.

आणि केटररला पानांची संख्या सांगताना फोटोग्राफरची चार पानं धरा, ४०० रुपयांच्या ताटाने १,६०० रुपये होतात. बाईंनी फक्त एक विनंती केली होती, पहिल्या पंगतीला बसवा, म्हणजे नवरा-नवरी घास घेतील तेव्हा आमचे हात मोकळे असतील.