साठीनंतरच्या शेळ्या आणि मृगाआधीची कामं

नोकरी संपवून गावी परतलेले किंवा शेती मुलांच्या हाती सोपवून मोकळे झालेले अनेक जण चार शेळ्या बांधायचं मनात घेतात. बेत चांगला आहे. उस्मानाबादी शेळी कमी पावसाच्या मुलखात तग धरते, बऱ्याचदा जुळी करडं देते आणि सकाळ-संध्याकाळ हाताला ठरलेलं काम देते. या वयात ते काम शरीराला मानवतं, मनालाही. मात्र कळप आपल्या गुडघ्यांना झेपेल एवढाच ठेवावा. पाच-सहा शेळ्या पुष्कळ झाल्या. बोकड पाळूच नये. मस्तीवर आलेला बोकड धडक मारतो, आणि उतारवयात मोडलेलं खुब्याचं हाड सहजी भरून येत नाही. माजावर आलेली शेळी गावातल्या जातिवंत बोकडाकडे नेऊन आणणं केव्हाही बरं.

रोहिणी सरायच्या आत सगळ्यात आधी लस टोचून घ्या. मृगाचा पाऊस पडला की बांधावर कोवळं गवत फुटतं, उन्हाळाभर वाळल्या चाऱ्यावर काढलेल्या शेळ्या त्यावर तुटून पडतात आणि आंत्रविषार होतो. संध्याकाळी धडधाकट दिसलेली शेळी सकाळी मेलेली सापडते, उपचाराला वेळच मिळत नाही. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दिवस लागतात, म्हणून पावसाची वाट पाहू नका. पहिल्यांदाच टोचत असाल तर साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. लस टोचण्याआधी लेंड्या तपासून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंतनाशक पाजा. गाभण शेळी असेल तर तसं त्यांना आवर्जून सांगा, कारण काही औषधं तिला चालत नाहीत.

पाऊस सुरू झाल्यावर सकाळी उपाशीपोटी शेळ्या सोडू नका. आधी कडबा किंवा तुरीचं भुसकट टाका, दव उतरू द्या, मग चरायला न्या. कोवळ्या ज्वारीच्या रानात तर पाऊलही पडू देऊ नका, त्यातल्या विषाने शेळी तडफडून मरते.

गोठ्यात मोठ्या शेळीमागे दहा चौरस फूट कोरडी जागा हवी. ओल राहिली की खुरं सडतात, करडांना न्यूमोनिया होतो. जमीन उतरती करून मुरूम दाबून घ्या. गुळगुळीत फरशी नको, शेळीही घसरते आणि आपणही. गव्हाण एवढ्या उंचीवर बांधा की चारा टाकताना कंबर वाकवावी लागणार नाही, आणि दारात एक दिवा लावा.

शेळी पाच महिन्यांनी विते. जूनअखेर फळलेली शेळी नोव्हेंबरअखेर विते, तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि शेवरी-सुबाभळीचा पालाही हाताशी असतो. करडाला जन्मल्यावर अर्ध्या तासात चीक मिळालाच पाहिजे. एखादी शेळी गाभडली तर तिची वार उघड्या हाताने उचलू नका. त्यातून माणसाला ब्रुसेलोसिस होऊ शकतो. हातमोजे घाला, खोल पुरून चुना टाका. नातवंडांना दूध द्यायचं ते उकळूनच.

आपण चार दिवस अंथरूण धरलं तर चारा-पाणी कोण बघणार, हे शेजाऱ्याशी याच आठवड्यात बोलून ठेवा.