घोड्याच्या शरीरात साठणारे धातू : पालकांसाठी काही इशारे

घोडा 25 ते 30 वर्षे जगू शकणारा प्राणी आहे, आणि चारा, पाणी व धूळ यांतून अत्यल्प प्रमाणात पोटात जाणारे कॅडमियम त्याच्या मूत्रपिंडाच्या बाहेरील थरात वयानुसार साचत जाते. मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन या धातूला बांधून ठेवते, त्यामुळे तात्काळ होणारी इजा टळते. मात्र याच बंधनामुळे तो शरीराबाहेर फार सावकाश पडतो. युरोपीय संघाने खाद्य म्हणून घोड्याच्या मूत्रपिंडासाठी किलोमागे 1 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली असून वयस्क घोड्यांत ती सहज ओलांडली जाते, आणि असा घोडा वरून अगदी धडधाकट दिसतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील पामर्टन गावी जस्त गाळण्याचा मोठा कारखाना 1980 पर्यंत चालला, आणि त्याच्या परिसरात वाढलेल्या शिंगरांचे सांधे सुजून ती लंगडू लागली. शवविच्छेदनात कूर्चेची वाढ बिघडलेली, हाडे विरळ झालेली आणि मूत्रपिंडात चुन्याचे कण जमलेले आढळले. अतिरिक्त जस्त तांब्याचे शोषण अडवते, आणि तांब्याविना कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे धागे एकमेकांना नीट जोडले जात नाहीत, म्हणजे रोग जस्ताचा असला तरी दिसतो तो तांब्याच्या अभावासारखा. अशा वेळी जो पालक लंगडेपणाचे कारण नालात किंवा सरावाच्या ताणात शोधत राहतो, त्याची चूक समजण्याजोगी असली तरी महागात पडते. एकाच कुरणातील दोन-तीन शिंगरे लंगडू लागली, तर आधी त्या कुरणाकडे आणि जवळच्या धुराड्यांकडे पाहावे.

तथापि धोका कारखान्यातूनच येतो असे नाही. सद्हेतूने दिलेल्या टॉनिकमधूनही तो येतो. एप्रिल 2009 मध्ये फ्लोरिडातील वेलिंग्टन येथे एका पोलो संघाचे 21 घोडे स्पर्धेच्या तोंडावर दगावले, आणि तपासणीत त्यांना टोचलेल्या जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणात सेलेनियमची मात्रा फार वाढलेली निघाली. सुमारे 500 किलो वजनाच्या घोड्याला या मूलद्रव्याची रोजची गरज 1 मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि गरज व विष यांतील अंतर इतके थोडे असते की दोन वेगवेगळ्या डब्यांतील खुराक, प्रत्येक डबा निर्दोष असूनही, एकत्र देताना मात्रा मोजलेली बरी. मोतद्दाराने चंदीत काय मिसळले आणि पशुवैद्याने काय टोचले याची एकच वही तबेल्यात असावी, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी बहुतेक ठिकाणी नेमकी तीच पाळली जात नाही.

सेलेनियमचा जुनाट अतिरेक आयाळ व शेपटीचे केस झडणे आणि खुराच्या मुळाशी आडवी भेग पडणे यांतून दिसतो. खूर महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढत असल्याने भेग खाली किती सरकली आहे यावरून बिघाड केव्हा सुरू झाला याचा अंदाज बांधता येतो. पंजाबातील होशियारपूर व नवांशहर भागांत सेलेनियमयुक्त जमिनी आहेत. तिकडून आलेला घोडा महाराष्ट्रात विकत घेताना त्याचे खूर निरखावेत आणि तो कोणत्या गावच्या वैरणीवर वाढला हे विचारून घ्यावे.

रक्ततपासणीवर सर्वस्वी विसंबून राहू नये, कारण शिशासारखा धातू रक्तातून हाडांत जाऊन बसतो आणि रक्तातील आकडा बहुधा अलीकडच्या सेवनाचीच कल्पना देतो. आयाळीचे केस अधिक काळाची नोंद देतात, परंतु बाहेरची धूळ केसांना चिकटत असल्याने ते प्रयोगशाळेत नीट धुऊनच तपासले जावेत. घोडा मरण पावला, तर यकृताचा आणि मूत्रपिंडाच्या बाह्य थराचा तुकडा स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत गोठवून ठेवावा. पेशींच्या तपासणीसाठी दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये वेगळा ठेवावा, आणि शेवटच्या गोणीतील खुराकाचा मूठभर नमुना लेबलासह जपून ठेवावा.