आधी खोळंबा शोधा, मग यंत्र आणा

न्हावा शेवा बंदर मे १९८९मध्ये सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात तिथे वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. या वाढीतली काही वर्षं मी यार्डाचं नियोजन करत होतो. नव्या क्रेन, नवी संगणक प्रणाली, गेटवरचे कॅमेरे असं सगळं येताना पाहिलं. आता ऑटोमेशनवर मोठा पैसा लागतो आहे. तो योग्य जागी लागावा, या कळकळीने हे लिहितो आहे.

१. क्रेन किती वेळ थांबते, ते आधी मोजा.
जहाजावरचा डबा, म्हणजे कंटेनर, उचलून खाली ठेवायला धक्क्यावरच्या क्रेनला साधारण दोन मिनिटं लागतात. पण खाली ट्रेलर नसेल तर तो डबा अधांतरी लटकत राहतो. प्रत्येक क्रेनला ठरावीक ट्रेलर बांधून दिले की एका क्रेनखाली रांग लागते आणि शेजारची रिकामी उभी राहते. सगळे ट्रेलर सामाईक ठेवावेत आणि गरज असेल त्या क्रेनकडे वळवावेत. निर्यातीचा डबा धक्क्यावर सोडलेल्या ट्रेलरने परतताना आयातीचा घेऊन यावं. एवढ्याने एकही नवी क्रेन न घेता कामाला वेग येतो.

२. डबा रचतानाच तो काढायचा कसा, हे ठरवा.
यार्डात डबे एकावर एक पाच थरांपर्यंत चढतात. तळातला हवा असेल तर वरचे चार हलवावे लागतात. डिझेल जळतं, वेळ जातो आणि हाती काहीच येत नाही. म्हणून आयातदार थेट बंदरातून नेणार असलेले, रेल्वेने जाणारे आणि बंदराबाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनला (सीएफएस) जाणारे डबे पहिल्यापासूनच वेगळे रचावेत. निर्यातीत वजन महत्त्वाचं. जहाजात जड डबे तळाशी जातात, म्हणजे ते आधी चढतात; यार्डात मात्र ते वरच्या थरात हवेत. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्याआधी डब्याचं पडताळलेलं वजन कळवणं जगभर बंधनकारक आहे. तेच वजन डबा गेटवर येण्याआधी मिळालं, तर संगणक त्याला पहिल्याच फेरीत योग्य जागा देतो.

३. गाडीच्या आधी माहिती पोचली पाहिजे.
कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे कॅमेऱ्याने ८ च्या जागी ३ वाचला तर प्रणालीला चूक बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळते. पण बुकिंग चुकीचं असेल, निर्यातीच्या डब्याचा प्रवेश परवाना (फॉर्म १३) झालेला नसेल किंवा डबा आणायची अंतिम वेळ (कट-ऑफ) टळून गेली असेल, तर कॅमेरा काय करणार? अशा गाडीला गेटच्या अलीकडेच बाजूला घेण्याची सोय ठेवा. नाहीतर एका गाडीच्या कागदासाठी मागच्या सगळ्या अडकतात.

४. सरासरी आकड्यावर समाधान मानू नका.
गाडी आत येऊन बाहेर पडायला लागणारा सरासरी वेळ अहवालात छान दिसतो. पण सर्वाधिक रखडलेल्या गाड्या कोणत्या, हे रोज पाहायला हवं. द्राक्षांच्या हंगामात नाशिकहून आलेला रीफर, म्हणजे शीत कंटेनर, रखडला तर त्या डब्यात एका शेतकऱ्याचं वर्षभराचं कष्टाचं पीक असतं. त्याला सरासरीचा काय उपयोग?

५. यंत्र जागा पाहून निवडा.
रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर १९९३ मध्येच चालकाविना वाहनं धावू लागली. तिथे माणसांचा आणि यंत्रांचा वावर पहिल्या आराखड्यापासूनच वेगळा ठेवला होता. आपल्या जुन्या यार्डांत बाहेरचे ट्रक थेट क्रेनखाली येतात, चालक खाली उतरतात. तिथे तीच वाहनं आणून भागत नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाच्या २०२१च्या अहवालाचा निष्कर्षही असाच आहे : स्वयंचलित बंदरं सरसकट अधिक उत्पादक ठरलेली नाहीत. जिथे तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते आणि माणसाला सुरक्षित अंतरावर ठेवता येतं, तिथून सुरुवात करावी.

६. संगणक बंद पडल्यावरचं काम आधीच शिकून ठेवा.
जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्याचा फटका न्हावा शेव्यालाही बसला आणि एका टर्मिनलचं काम कोलमडलं. कोणता डबा कुठे आहे हे फक्त संगणकाला ठाऊक असेल, तर तो बंद पडल्यावर डोळ्यांसमोरचा डबाही सापडत नाही. यार्डाच्या नोंदींची वेगळी प्रत ठरावीक वेळाने काढून ठेवा आणि कागदावर काम चालवण्याचा सराव नियमित घ्या.

७. ज्यांची जमीन गेली, त्यांना नव्या कामात आधी घ्या.
या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. बंदरालगतच्या उरणच्या घराघरात ऑटोमेशनचं नाव काढलं की पहिला प्रश्न नोकरीचा येतो, आणि तो रास्त आहे. क्रेनच्या उंच केबिनमध्ये मान खाली घालून तासन्‌तास बसणाऱ्या ऑपरेटरचं शरीर काय सोसतं, हे मी पाहिलं आहे. तेच काम जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातून झालं तर पाठ वाचते, आणि मुलींनाही ही वाट खुली होते. केरळात विळिंजमला यार्डातल्या स्वयंचलित क्रेनची सूत्रं सांभाळणाऱ्यांत मच्छीमार कुटुंबांतल्या तरुणी आहेत. उरण-पनवेलच्या मुलामुलींना हे प्रशिक्षण यंत्र येण्याआधी मिळालं पाहिजे.

म्हणून खरेदीचा प्रस्ताव समोर आला की तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कोणता खोळंबा किती कमी होणार, कोणाचा धोका टळणार आणि ज्यांचं काम बदलणार त्यांना कधी, कोण शिकवणार. ही उत्तरं मिळाल्याशिवाय त्या प्रस्तावावर सही होऊ नये.