दुसरे क्रेडिट कार्ड घ्यावे का? एक हिशेब



आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवत असताना एका मुलाने हात वर केला. "मॅडम, माझ्या बाबांकडे तीन क्रेडिट कार्डं आहेत, प्रत्येकावर दोन लाख. म्हणजे आमच्याकडे सहा लाख आहेत ना?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण त्याच आठवड्यात मला दुसऱ्या कार्डासाठी बँकेचा फोन आला होता, आणि "आजीवन मोफत" हे शब्द ऐकून क्षणभर मीही असाच हिशेब केला होता.

कार्डावरचे दोन लाख म्हणजे आपली ठेव नव्हे, बँक आपल्याला किती उधार देईल त्याची मर्यादा. माझ्या लहानपणी रामबागेत आमचे किराण्याचे खाते होते. उधारी फार वाढली की दुकानदार हळूच म्हणत असे, "मास्टरसाहब, पहले पिछला हिसाब कर लें?" वडिलांना ते लागायचे, पण पुढच्या महिन्यात साखर जपून वापरली जायची. कार्ड असे टोकत नाही. उलट मर्यादा वाढवून देऊ का, असे विचारते.

आता फळ्यावरचे गणित. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडात मूलधन, ब्याज, मिश्रधनच येते. आपण मुद्दल, व्याज, रास म्हणू.) समजा बिल ४०,००० रुपयांचे आहे. बिलावर "मिनिमम ड्यू" नावाची एक छोटी रक्कम छापलेली असते, साधारण पाच टक्के, म्हणजे येथे २,००० रुपये. तेवढेच भरले. दंड लागत नाही, म्हणून माणूस निश्चिंत होतो. उरले ३८,०००. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ते झाले १,३३० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, २३९ रुपये ४० पैसे. नवी बाकी ३९,५६९ रुपये ४० पैसे. दोन हजार भरले आणि कर्ज कमी झाले ४३० रुपये ६० पैशांनी!

असेच बारा महिने दरवेळी पाच टक्के भरत गेलो, एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी वर्षभरात सुमारे २२,६०० रुपये भरून सुमारे ३५,१०० रुपये देणे उरते. मी हे सोपे करून मांडले आहे. खरे बिल दिवसाच्या हिशेबाने व्याज लावते. शिवाय बाकी पूर्ण न भरल्यास नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते; खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते.

कायद्याने या व्याजाला काही छप्पर असेल, असे समजू नका. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

मग दुसरे कार्ड वाईटच का? तसे नाही. प्रवासात एक कार्ड बंद पडले तर दुसरे कामी येते. घरखर्च एकावर आणि ऑनलाइन खरेदी दुसऱ्यावर ठेवली, तर फसवणूक लवकर ध्यानात येते. आणखी एक गोष्ट: एका कार्डाची मर्यादा ५०,००० असून आपण दरमहा ४०,००० वापरत असू, तर ते क्रेडिट स्कोअरला मारक ठरते. (हा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो.) दुसऱ्या कार्डाने एकूण मर्यादा वाढते आणि तोच खर्च प्रमाणाने कमी दिसतो. मात्र प्रत्येक नव्या अर्जाची चौकशी आपल्या अहवालात नोंदली जाते, म्हणून एकाच महिन्यात चार ठिकाणी अर्ज करू नयेत.

माझे काय झाले ते सांगते. फोनवरच्या मुलीला "उद्या कळवते" म्हटले आणि रात्री मागच्या वर्षाची बाराही बिले काढली. नऊ वेळा पूर्ण रक्कम भरलेली होती. तीन वेळा नव्हती. मुलीच्या पुण्यातल्या कॉलेजची फी भरली ते तीन महिने. यजमान म्हणाले, "अगं, त्या वेळी दुसरे कार्ड असते तर अडचण झाली नसती." मला तिथेच उत्तर मिळाले. दुसरे कार्ड असते तर फीचा काही भाग त्यावर गेला असता आणि दोन बिले थकली असती. याची टोपी त्याच्या डोक्यावर! बाराच्या बारा बिले पूर्ण भरलेली असती, तर मी दुसरे कार्ड घेतले असते. दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवले आणि फीसाठी पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली.

पालकांसाठी दोन नियम. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आपल्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. आणि काही देणे बाकी नसेल, तर बंद करण्याचा अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये बँकेने आपल्याला द्यायचे असतात. जुने, न वापरलेले कार्ड कपाटात पडले असेल, तर आधी त्याचे वार्षिक शुल्क तपासा.

त्या मुलाला मी वर्गात एवढेच विचारले, "सहा लाख खर्च केले तर परत कोण देणार?" तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाबा."

आठवी ते दहावीसाठी गृहपाठ: वरच्याच ४०,००० रुपयांच्या बिलात दरमहा ५,००० रुपये भरले, व्याज आणि जीएसटी तेच ठेवले, तर कर्ज कितव्या महिन्यात फिटेल आणि एकूण किती रुपये जातील? कॅल्क्युलेटर चालेल, पण पायऱ्या लिहिलेल्या हव्यात. घरचे बिल शाळेत आणू नये. वह्या शनिवारपर्यंत माझ्या टेबलावर ठेवाव्यात.