सातबाऱ्यावरचा बोजा

पीक कर्जासाठी सातबारा काढायला गेलो आणि तलाठी भाऊसाहेब उतारा बघून गप्प झाले. इतर हक्कात सहा लाख चोवीस हजारांचा बोजा. बँकेचा नव्हे, मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्याचा.

माझ्या जीपचा विमा संपून अकरा दिवस झाले होते. उसाचं बिल आलं की भरू, असं चाललं होतं. तेवढ्यात अंधारात एका मोटरसायकलला धडक बसली. समोरचा बाजार समितीतला हमाल, पाय मोडला. एक एजंट म्हणाला, ‘‘दाजी, आज पॉलिसी काढू, कुणाला कळतंय?’’ पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. तो शहाणपणा केला नाही, एवढंच माझ्या बाजूचं.

खरी चूक पुढची. फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, पावती घेतली आणि घरी येऊन सांगितलं, केस मिटली. गावाकडं निम्मी माणसं असंच समजतात. तो दंड सरकारचा. जखमी माणसाची भरपाई हा वेगळा दावा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा. त्याची नोटीस आली ती जुनीच भानगड समजून कपाटात टाकली. तारखांना कुणी गेलं नाही. निवाडा एकतर्फी झाला: चार लाख ऐंशी हजार, दावा दाखल झाल्यापासून साडेसात टक्के व्याज. म्हणजे वर्षाला छत्तीस हजार, मी झोपेत असतानासुद्धा. चार वर्षं झोपलो.

मोटरसायकलला दिवा नव्हता, हे मला सांगता आलं असतं. थोडा दोष त्याच्याकडेही गेला असता, रक्कम उतरली असती. पण सांगायला हजर तर पाहिजे!

म्हणून सांगतो, नोटीस आली की त्याच आठवड्यात वकीलपत्र द्या. विमा नसला तरी लेखी म्हणणं मांडा. जुनी गाडी विकली असेल आणि आरसी बुकावर नाव तुमचंच असेल, तरी नोटीस तुमच्याच दारात येते. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. एकतर्फी निवाडा झालाच, तर तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करायचा. अपिलाला नव्वद दिवस, आणि त्यासाठी पंचवीस हजार किंवा निम्मी रक्कम, यातली जी कमी ती आधी भरावी लागते. वसुलीला स्थगिती मागितली तर कोर्ट बहुधा मोठी रक्कम भरायला सांगतं. मुदत गेली की प्रकरण कलेक्टरकडे जातं आणि वसुली थकीत शेतसाऱ्यासारखी होते.

माझ्या मुदती केव्हाच उलटल्या होत्या. वकील म्हणाले, आता भांडू नका, बोला. हमालाच्या घरी गेलो. तो लंगडत बाहेर आला, वहिनींनी पाणी दिलं. मला ते घशाखाली उतरेना. ओझं उचलणं त्याचं कायमचं सुटलं होतं. दोन वर्षं त्याच्या मेव्हण्याने घर चालवलं होतं. लोकअदालतीत त्यानं व्याजातले चौऱ्याहत्तर हजार सोडले. साडेपाच लाख, तीन हप्त्यांत. जीप आणि दोन म्हशी गेल्या. तडजोडीच्या पुरशिसवर दोघांनी सह्या केल्या.

पैसे फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही, हे शेवटी कळलं. पूर्ण भरणा झाल्याचं कोर्टाचं पत्र घेऊन तहसीलला अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार. माझा तिसऱ्या हेलपाट्याला झाला.