गंधाचा माग आणि मेंदूतील डोपामीन

पिकलेल्या केळ्यांचा घड घरात टांगून ठेवला की, एकदोन दिवसांत त्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात. ही चिलटे म्हणजे ड्रॉसोफिला जातीच्या माश्या होत. आंब्या-पेरूचे नुकसान करणारी फळमाशी ती निराळी. आंबू लागलेल्या फळाचा वास या माशीला शृंगिकांच्या द्वारे कळतो व वाऱ्याच्या उलट दिशेने जाऊन ती फळ गाठते. या माशीच्या गंधज्ञानाच्या अभ्यासात मुंबईचाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी व डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० नंतरच्या दशकात वास नीट न ओळखणाऱ्या माश्यांचे वाण वेगळे काढून या विषयाचा पाया घातला.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण आराखड्यानुसार या माशीच्या मेंदूत त्या सुमारे १,३९,००० आहेत. त्यांपैकी काही पेशी डोपामीन नावाचे द्रव्य स्रवतात. त्यांचे तंतू मेंदूच्या अळंबीच्या आकाराच्या भागात पोहोचतात. एखाद्या वासाबरोबर साखर मिळाली की, या पेशी त्या लाभाची खूण उमटवितात व माशी तो वास लक्षात ठेवते, हे पूर्वीच सिद्ध झाले होते. परंतु माशी चालत असताना या पेशी काय करतात?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२१ साली यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. माशीचे डोके स्थिर ठेवून तिला हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर चालू दिले. ती वळली की, शिरक्याचा वास आणणारा झोतही त्या मानाने फिरे. त्यामुळे आपण खरोखरच दिशा बदलली, असे तिला वाटे. पेशी कार्यरत होताच उजळणारे प्रथिन तिच्या मेंदूत जनुकीय उपायाने निर्माण केलेले असल्याने सूक्ष्मदर्शकातून पेशींचे कार्य पाहता येई.

माशी वासाचा माग काढीत असता तिच्या हालचालींबरोबर या पेशींचे कार्य कमी-अधिक होत होते. मात्र प्रत्येक हालचालीला सारखे महत्त्व नव्हते. माग काढण्याची जी रीत माशीने पत्करली असेल, तिला उपयोगी पडणाऱ्या हालचालींचेच प्रतिबिंब प्रामुख्याने पेशींत उमटत होते.

दोन गोष्टी बरोबर घडल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पाऊस आणि छत्र्या एकदमच दिसतात. पण छत्र्यांनी पाऊस पडत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी डोपामीनच्या संदेशातच फेरफार करून पाहिला. तेव्हा माग काढण्याचा जोर बदलला. म्हणजे हे द्रव्य पुढील वर्तनासाठी शिकविते, तसेच चालू वर्तनालाही चालना देते.

डोपामीन म्हणजे केवळ 'आनंदाचे रसायन' ही प्रचलित समजूत त्यामुळे अपुरी ठरते. कंपवाताच्या रुग्णांत मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि हालचाली मंदावतात. अशा माणसाला आळशी वा निरुत्साही म्हणणे अन्यायाचे होय. त्याला वेळीच वैद्यकीय उपचार मिळावयास हवेत. माशीवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हे खरे. तथापि इच्छा, शिकणे आणि हालचाल या तिन्ही गोष्टी मेंदूत किती निकट गुंफलेल्या असतात, याची जाणीव हे चिलट आपणास करून देते. केळ्याच्या सालीवरील चिलटे दाखवून शिक्षकांना हा धडा वर्गातही सहज देता येईल.