शाळेच्या अंगणातील व परसबागेतील माती

जमिनीची धूप हा विषय परिसर अभ्यासात येतो, आणि बहुधा डोंगरउतार, नदीचा पूर व शेताचे बांध यांच्या चित्रांवरून शिकविला जातो. चित्रे वाईट नाहीत; पण त्यांमुळे मुलांचा असा समज होतो की धूप ही कोठेतरी दूर, मोठ्या प्रमाणावर घडणारी गोष्ट आहे. वास्तविक ज्या अंगणात मुले सकाळी प्रार्थनेला उभी राहतात, त्याच अंगणात ती दर पावसाळ्यात घडत असते. म्हणून हा पाठ वर्गात न घेता बाहेर घ्यावा, आणि त्यासाठी शक्यतो पाऊस पडून गेल्यानंतरचा दुसरा दिवस निवडावा.

मुलांना प्रथम काहीही न सांगता केवळ पाहावयास लावावे. शाळेच्या जुन्या झाडाची मुळे जमिनीवर उघडी पडली आहेत काय? झाड लावले तेव्हा ती मुळे मातीखाली होती. इमारतीच्या जोत्याच्या भिंतीवर खाली एक निराळ्या रंगाचा, गिलावा न केलेला पट्टा दिसतो काय? तो बांधकामाच्या वेळी जमिनीत गाडलेला भाग होय. अंगणात दरवर्षी नवे दगडगोटे वर येतात असे मुले सांगतील, आणि काही ठिकाणी वडीलधारी माणसेही सांगतात की दगड जमिनीतून 'वाढतात'. दगड वर आलेले नसतात. सभोवतालची माती खाली गेलेली असते. याचा सर्वांत सुंदर पुरावा उघड्या, मऊ जमिनीवर सापडतो. एखादा चपटा खडा किंवा बाटलीचे बूच मातीच्या छोट्याशा खांबावर उभे असलेले दिसते. खड्याने जेवढी माती झाकली तेवढी राहिली, बाकीची गेली. त्या खांबाची उंची पट्टीने मोजावी. ती पाच मिलिमीटर भरली, तर तेथील तितक्या जाडीची माती हलली असे समजावे.

पाच मिलिमीटर म्हणजे फार नव्हे असे मुलांना वाटेल. येथे गणिताचा उपयोग करावा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावरून एक मिलिमीटर जाडीचा थर निघाला तर माती भरते सुमारे १०१ लिटर, आणि कोरड्या मातीचे वजन लिटरला सव्वा ते दीड किलो धरले तर सव्वाशे ते दीडशे किलो, म्हणजे सात-आठ घमेली. पाच मिलिमीटरला पस्तीस-चाळीस घमेली. ही घमेली उचलून आणावयाची झाली तर सारा वर्ग थकून जाईल; पाऊस ती कोणाला न कळता एका हंगामात नेतो. भारतातील धुपीचा जो अंदाज १९८३ साली प्रसिद्ध झाला, त्यात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन माती हलते असे सांगितले होते. हा आकडा मोठ्या वर्गासाठी फळ्यावर लिहावा आणि गुंठ्याचा हिशेब मुलांनाच करावयास द्यावा. कातळापासून एक सेंटीमीटर माती तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात, हेही त्याच वेळी सांगावे. शिवाय जो थर प्रथम जातो तोच सर्वांत कसदार असतो. शालेय पोषण आहारासाठी ज्या शाळांनी परसबाग केली आहे, तेथे दोन-तीन वर्षांनी वांगी-मिरची खुरटू लागली की बियाण्याला किंवा पाण्याला दोष दिला जातो. त्याआधी वरचा थर जागेवर आहे की नाही ते पाहावे.

आता कारणाकडे वळू. वाहते पाणी माती नेते हे खरे, परंतु ती सुटी करण्याचे काम त्याआधीच झालेले असते. ते पावसाचा थेंब करतो. मोठा थेंब जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरहून अधिक असतो. अमेरिकेतील मृद्शास्त्रज्ञ एलिसन यांनी १९४४ च्या सुमारास थेंबाच्या या आघाताचा प्रयोगांनी अभ्यास केला, आणि धुपीचा आरंभ ओघळीत नसून थेंबाच्या आघातात आहे ही गोष्ट तेव्हापासून नीट ध्यानात आली. थेंब आपटला की मातीची ढेकळे फुटतात, बारीक कण उडतात, आणि तेच कण जमिनीची छिद्रे बुजवितात. छिद्रे बुजली की पाणी मुरत नाही. मुरले नाही की वाहते. आणि वाहते पाणी सुटे झालेले कण घेऊन जाते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती चौपट होते, व सैद्धांतिक हिशेबाने ते ढकलू शकते त्या खड्याचे वजन ६४ पट होते. यावरून दोन गोष्टी निघतात: थेंबाला जमिनीवर थेट आपटू देऊ नये, आणि पाण्याला वेग घेऊ देऊ नये. पुढील सारे उपाय या दोहोंतूनच आले आहेत.

येथे एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. आपल्या शाळांत अंगण खराट्याने रोज झाडण्याची जुनी व चांगली शिस्त आहे. पाहुणे आले, तपासणी झाली, की स्वच्छ अंगणाची वाखाणणी होते. पण खराटा पाल्याबरोबर मातीचा सुटा थरही ओढतो, आणि मागे जे उरते ते थेंबापुढे पूर्णपणे उघडे असते. पुढे तो पाला कोपऱ्यात जाळला जातो. म्हणजे मातीचे पांघरूण काढून त्याचे खतही आपण होऊन नाहीसे केले. स्वच्छता सोडावी असे कोणी म्हणणार नाही. प्रार्थनेची जागा, खेळाचे मैदान, येण्याजाण्याच्या वाटा व दारासमोरचा भाग अवश्य झाडावा. परंतु झाडांखाली, कुंपणाच्या कडेने व वाफ्यांमध्ये पाचोळा राहू द्यावा. प्लॅस्टिक, कागद तेवढे वेचून काढावे. पाचोळ्यात विंचू-साप असतात अशी पालकांची शंका येईल, आणि ती रास्त आहे. म्हणून पाचोळ्याचा थर वर्गाच्या दारापासून व मुलांच्या बसण्याच्या जागेपासून दूर ठेवावा, पाच ते आठ सेंटीमीटरांहून जाड करू नये, आणि मुलांनी त्यात हात घालू नये. हे काम शिक्षकांनी किंवा मदतनिसांनी दिवसाउजेडी लांब दांड्याच्या दाताळ्याने करावे.

वृक्ष लावले की धूप थांबली, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. उंच झाडाच्या पानांवर पाणी साचून जे थेंब खाली पडतात, ते पावसाच्या थेंबांहून मोठे असतात, आणि सात-आठ मीटर उंचीवरून पडताना ते आपला वेग जवळजवळ पुन्हा मिळवितात. सागासारख्या मोठ्या पानांच्या झाडाखालची जमीन उघडी असेल तर ती मोकळ्या मैदानाहूनही अधिक धुपलेली आढळते. जमीन राखते ती झाडाखालचे गवत, झुडपे व पालापाचोळा. जेथे मुळे उघडी पडली आहेत तेथे घाईने मातीचा ढीग खोडाभोवती रचू नये, त्याने साल कुजते. कुजलेल्या खताचा दोन-तीन बोटांचा पातळ थर मुळांवर पसरून वर पाचोळा घालावा, आणि खालच्या बाजूस दगडांची अर्धवर्तुळाकार ओळ लावावी.

पागोळीखालची जमीन

अंगणातील सर्वांत मोठी हानी बहुधा छपराच्या कडेखाली होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३,००० लिटर पाणी जमते, आणि छप्पर दुपाखी असेल तर प्रत्येक बाजूच्या दहा मीटर कडेवरून १,५०० लिटर खाली पडते. कौलारू छपराच्या प्रत्येक पन्हळीतून ते एकाच ठिकाणी सतत पडत असल्याने जमिनीत खळग्यांची रांगच तयार होते. त्या रांगेत हातभर रुंद व वीतभर खोल चर खणून त्यात खडी किंवा विटांचे तुकडे भरावे. पन्हळ बसवून पाणी टाकीत साठविता आले तर उत्तमच.

चराचे पाणी कोठे न्यावयाचे, हे मात्र जमीन पाहून ठरवावे. कोकणातील जांभ्याच्या अथवा देशावरील मुरमाड जमिनीत ते जवळच्या केळीच्या, अळूच्या किंवा कर्दळीच्या वाफ्यात जिरवावे. काळ्या चिकण जमिनीत भिंतीलगत पाणी मुरविणे धोक्याचे आहे. ही माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते, आणि त्यामुळे पाया हलून भिंतींना तडे जातात. तेथे पाणी उथळ, गवताळ चरातून निदान तीन-चार मीटर दूर नेऊन मगच सोडावे. दुपारच्या जेवणानंतर मुले जेथे हात धुतात त्या जागेपासून निघालेली ओघळही पाहावी. ती तर उन्हाळ्यातसुद्धा वाहत असते.

परसबागेतील उतार

परसबागेत वाफ्यांकडे सर्वांचे लक्ष असते, पण माती जाते ती वाटेने. दोन वाफ्यांमधली पायवाट सरळ उताराच्या दिशेने काढली की पहिल्याच वळवाच्या पावसात तिची ओघळ होते. म्हणून वाफे व सऱ्या उताराला आडव्या असाव्यात, आणि वाट तिरपी किंवा दगडी पायऱ्यांची करावी. झाडांना पाणी घालताना बादली उंचावरून ओतली तरी तोच आघात होतो. आळ्यात कौलाचा तुकडा ठेवून त्यावर पाणी सोडण्याची सवय मुलांना लावावी.

आडवी रेषा नजरेने ठरवू नये, नजर फसते. त्यासाठी सुमारे दोन मीटर लांबीच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाशी बांधून, पायांमध्ये तितकेच अंतर ठेवून, मध्ये आडवी काठी बांधावी. वरच्या टोकापासून दोरीने दगडाचा ओळंबा सोडावा. पाय दोन ठिकाणी टेकवून, त्या जागांवर खुणा करून, दोरी आडव्या काठीला जेथे लागेल तेथे रेघ मारावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुणांवर चौकट ठेवावी व दुसरी रेघ मारावी. दोन रेघांचा मध्य हा समपातळीचा बिंदू. त्यानंतर एक पाय खुंटीजवळ ठेवून दुसरा पुढे-मागे सरकवीत दोरी मध्यावर आली की तेथे खुंटी ठोकावी, आणि असे पुढे जावे. समद्विभुज त्रिकोणाचा इतका उपयोगी पाठ वर्गात क्वचितच सापडेल.

खुंट्यांच्या रेषेवर वाळ्याची ओळ लावावी. वाळ्याची मुळे आजूबाजूस न पसरता सरळ खोल, अनुकूल जमिनीत तीन मीटरपर्यंत जातात, त्यामुळे तो भाजीच्या वाफ्यावर अतिक्रमण करीत नाही. कर्नाटकातील म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा राखीत आले. १९८० नंतर जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी भारतात वाळ्याच्या ओळींचा पुरस्कार केला, तेव्हा ही जुनी वहिवाट त्यांच्यासमोर होती. ठोंबे दहा ते पंधरा सेंटीमीटर अंतराने पावसाच्या आरंभी लावावे. ओळ दाट व्हावयास एक-दोन हंगाम लागतात, तोवर मधल्या फटी पाहून भराव्या. वाळा न मिळाला तर गवती चहा चालतो. दगड मुबलक असतील तेथे बिनचुन्याची ताल किंवा कोकणातला गडगा हा उपाय आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहेच. डोंगराळ भागातील माती व पाणी अडविण्यासाठी ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, असे जोतीराव फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सुचविले होते. हे मुलांना सांगितले तर इतिहासाच्या पाठालाही जमिनीचा आधार मिळेल.

प्रात्यक्षिक

तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मोठ्या माणसाने उभा चिरून कडा दुमडल्या की दोन उथळ ताटे होतात. दोहोंत एकाच जागची माती सारखी दाबून भरावी, एकीवर पाचोळ्याचा दोन बोटे थर द्यावा, दुसरी उघडी ठेवावी. वीट लावून दोन्ही सारखी कलती करावी आणि खालच्या कडेशी काचेची बरणी ठेवावी. झारीने एकाच उंचीवरून प्रत्येकीवर दोन लिटर पाणी घालावे. पाणी कोणत्या बरणीत आधी आले, किती आले, कसे आले, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहावे. उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. बरण्या रात्रभर स्थिर ठेवून दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेला गाळ मोजावा. तिसऱ्या ताटात दोन-तीन आठवडे आधी मेथी पेरून ठेवली तर तुलना अधिक चांगली होते.

याखेरीज वर्षभर चालणारे एक काम चौथी-पाचवीच्या मुलांकडे सोपवावे. मेच्या सुटीपूर्वी हातभर लांब पाच-सहा सळ्यांत प्रत्येकी एक मोठी वायसर ओवून, त्या अंगणाच्या निरनिराळ्या भागांत शिक्षकांनी ठोकाव्या: झाडलेल्या जागेत, पाचोळ्याखाली, पागोळीजवळ, वाळ्याच्या ओळीच्या वर व खाली. मुलांची ये-जा असेल तेथे ठोकू नयेत, आणि टोकांवर रंगवलेली रिकामी डबी पालथी घालावी. वायसर जमिनीला टेकलेली असताना सळईच्या टोकापासून तिचे अंतर मिलिमीटरांत लिहून ठेवावे. प्रत्येक महिन्याच्या शेवटी तेच अंतर पुन्हा मोजावे. अंतर वाढले तर माती गेली. वायसर मातीखाली गाडली गेली तर तेथे गाळ साचला, आणि वाळ्याच्या वरच्या बाजूस बहुधा असेच आढळेल. साचलेला गाळ ऑक्टोबरमध्ये मोजणी झाल्यावर उचलून त्याच वाफ्यांत परत पसरावा. सळ्यांची नोंदवही पुढील वर्षीच्या वर्गाकडे द्यावी, कारण त्यांना तुलनेसाठी मागील आकडे लागतील.